तांत्रिक अडचणीमुळे...

‘रविवारी पहाटे २ ते ५ या वेळेत देखभालीच्या कामासाठी बँकेच्या काही सेवा बंद राहतील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ असा निरोप आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनवर महिन्या-दोन महिन्यांनी येऊन पडतो. आपण तो वाचतो न वाचतो आणि पुसून टाकतो. पहाटे दोन वाजता कोणाला पैसे पाठवायचे आहेत! पण आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला त्या निरोपातला ‘देखभाल’ हा शब्द काही स्वस्थ बसू देत नाही. ही देखभाल म्हणजे नेमके काय? आणि सारे जग झोपलेले असताना, चोरपावलांनीच ती का करावी लागते?

उत्तर तसे साधे आहे. त्या तीन तासांत बँकेच्या संगणकांवर चालणारा जुना प्रोग्रॅम उतरवून त्याच्या जागी नवा, सुधारलेला प्रोग्रॅम चढवला जातो. संगणकवाले याला ‘डिप्लॉयमेंट’ म्हणतात. आपसांत बोलताना ‘प्रॉडक्शनला टाकणे’ किंवा नुसतेच ‘लाइव्ह जाणे’. प्रोग्रॅम लिहिणे हे एक काम आणि लाखो लोक वापरत असलेल्या चालत्या यंत्रणेत तो बसवणे हे दुसरे. पहिल्या कामाबद्दल पुष्कळ बोलले जाते. आपला नातू हिंजवडीत किंवा बंगळुरूत ‘कोडिंग’ करतो, हे आता आजी-आजोबाही कौतुकाने सांगतात. दुसऱ्या कामाबद्दल घरात कोणी बोलत नाही. आणि घोटाळे होतात ते बरेचसे या दुसऱ्या कामात. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये लिहिलेल्या एका जाडजूड पुस्तकात म्हटले आहे की, त्यांच्या अनुभवात सेवा बंद पडण्याचे सुमारे ७० टक्के प्रसंग चालत्या यंत्रणेत केलेल्या बदलातून उद्भवतात. यंत्र आपणहून क्वचित बिघडते. आपण त्याला हात लावतो तेव्हा ते बिघडते.

मी बँकेत लागलो तेव्हा लेजरच्या जाड बांधणीच्या वह्या होत्या आणि त्या उचलून मनगटे दुखायची. रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल आला, मग काउंटरमागे लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, नंतर सगळी शाखाच संगणकावर गेली आणि नव्या शतकात ‘कोअर बँकिंग’ आले. म्हणजे खाते शाखेचे न राहता बँकेचे झाले. या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक शाखेचा सारा हिशेब जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत न्यायचा असे. त्याला आम्ही ‘मायग्रेशन’ म्हणायचो. शनिवारी अर्धा दिवस काम झाले की शटर खाली ओढायचे, जुन्या यंत्रणेवर दिवस बंद करायचा, सगळ्या शिल्लक रकमांचे छापील गठ्ठे काढायचे आणि माहिती वर पाठवायची. रविवारी ताळा बघायचा, सोमवारी सकाळी दहाला नवे घर उघडायचे. संगणक कंपनीचा एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा दोन बाकडी जोडून शाखेतच झोपायचा. घरचे डबे यायचे. एखाद्या लग्नघरासारखे वातावरण असे, फक्त सनई नसे.

आमच्या शाखेत सोमवारी उजाडले ते रांग घेऊनच. काही खात्यांतून रिकरिंगचा हप्ता दोनदा कापला गेला होता. शनिवारी जुन्या यंत्रणेने आपले काम इमानेइतबारे केले होते; पण ‘हा हप्ता शेवटचा कधी कापला’ ती तारीख काही नव्या घरात आलीच नव्हती. नव्या यंत्रणेने हप्ता थकला असे समजून तो पुन्हा कापला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या खात्यातून पाचशे रुपये जास्त गेले की त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहे. पैसे दोन दिवसांत परत दिले. पण महिन्याभराने वरून पत्र आले, ते एका लिपिकाच्या नावे. स्टँडिंग इन्स्ट्रक्शनच्या नोंदी त्याने भरल्या होत्या, तेव्हा तारखा का भरल्या नाहीत याचा खुलासा करावा! तारीख भरायला त्या पडद्यावर रकानाच नव्हता. त्याने तसे लिहून दिले. प्रकरण फायलीत गेले आणि रकाना नसल्याची गोष्टही त्याच फायलीत गेली. पुढच्या शाखांच्या मायग्रेशनला ती वाचायला मिळाली नाही.

हे मी केवळ आमच्याकडे घडले म्हणून सांगत नाही. याच जातीचा प्रकार इंग्लंडमध्ये फार मोठ्या प्रमाणावर घडला. टीएसबी ही तिथली जुनी बँक. ती लॉइड्स समूहातून बाहेर पडून सबादेल या स्पॅनिश बँकेच्या मालकीची झाली, तरी तिचा हिशेब लॉइड्सच्याच संगणकांवर चालत असे. तो आपल्या संगणकांवर आणायचा म्हणून एप्रिल २०१८ मधला एक शनिवार-रविवार मुक्रर झाला. ग्राहक ५२ लाख. सोमवार उजाडला तेव्हा लोकांना आपले खाते उघडेना, काहींना दुसऱ्याच कोणाची तरी खाती दिसू लागली. एका वेळी १९ लाखांपर्यंत ग्राहक बाहेर ताटकळत होते. सगळे पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्य अधिकाऱ्याला सप्टेंबरातच जावे लागले. बँकेने नेमलेल्या वकिलांच्या पेढीने २०१९ मध्ये अहवाल दिला, त्यात बोट ठेवले ते इतर गोष्टींबरोबर याही गोष्टीवर: सगळे बिऱ्हाड जवळजवळ एकाच रात्रीत हलवण्याच्या निर्णयावर. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

पण या विषयातली सर्वात बोलकी गोष्ट बँकेची नाही, दलालांच्या पेढीची आहे. पेढीचे नाव नाइट कॅपिटल. (हे ‘नाइट’ रात्रीचे नव्हे, चिलखत घातलेल्या सरदाराचे.) अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०१३ मध्ये काढलेल्या आदेशात तिची हकीकत तपशीलवार दिली आहे, आणि मला ती एखाद्या चांगल्या रहस्यकथेइतकी गुंतवणारी वाटली.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ पासून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू व्हायची होती. त्यासाठी नाइटने आपल्या प्रोग्रॅममध्ये बदल केला. बाजाराकडे ऑर्डरी धाडणारे तिचे आठ संगणक होते. नवा प्रोग्रॅम त्यांच्यावर आधीच्या काही दिवसांत चढवण्यात आला. चढवणाऱ्याने तो सात संगणकांवर चढवला. आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी येऊन आठही तपासले नाहीत, कारण तसे तपासावे असा लेखी नियमच पेढीत नव्हता. आमच्याकडे शंभर रुपयांचे व्हाउचरसुद्धा एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने सही करून पास करायचे, ही अक्षरओळख असते. इथे कोट्यवधींची उलाढाल, आणि दुसरी सही नाही!

आता रहस्यकथेतला भाग. आठव्या संगणकावर २००३ पासून कोणी न वापरलेला एक जुना प्रोग्रॅम पडून होता. माळ्यावर टाकलेले भांडे असावे तसा. तो काढून टाकायचे कोणाला सुचले नव्हते. नव्या प्रोग्रॅमने चालू-बंद करण्यासाठी जो खटका घेतला, तो नेमका पूर्वी या जुन्या प्रोग्रॅमचा खटका होता. त्यातच २००५ मध्ये कोणीतरी, ‘मागितले तेवढे शेअर मिळाले, आता थांब’ असे सांगणारा मोजणीचा भाग जुन्या प्रोग्रॅममधून काढून दुसरीकडे नेला होता. म्हणजे भांडे माळ्यावरचे, आणि त्याला तळ नाही.

सकाळी बाजार उघडला. खटका दाबला गेला. सात संगणक शहाण्यासारखे वागले, आठवा ऑर्डरी धाडत सुटला आणि त्याला थांब म्हणणारे कोणी नव्हते. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरी होत्या. त्यांच्यापोटी पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांवर सौदे झाले. उलगडता उलगडता तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. त्या वेळच्या भावाने अडीच हजार कोटी रुपये. यातल्या दोन गोष्टी मला चटका लावून गेल्या. एक म्हणजे बाजार उघडण्यापूर्वीच पेढीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते आणि त्यांत त्या जुन्या प्रोग्रॅमचे नावही होते. पण असे निरोप म्हणजे धोक्याची सूचना, असे कोणाला शिकवलेलेच नव्हते. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. गोंधळ सुरू झाल्यावर घाबरून त्यांनी नवा प्रोग्रॅम काढून टाकला तो ठीक चाललेल्या सात संगणकांवरून! मग आठही संगणक आठव्यासारखे वागू लागले. पुढच्या वर्षी पेढी दुसऱ्या पेढीत विलीन झाली.

हे सारे वाचल्यावर कोणाही शहाण्या माणसाला वाटेल की बदल ही धोकादायक गोष्ट आहे, तेव्हा तो कमीत कमी वेळा करावा. वर्षातून एकदा-दोनदा, भरपूर तयारी करून, रात्री. आम्हा बँकवाल्यांनाही तसेच वाटे. जगभरच्या कंपन्या बरीच वर्षे हेच करत होत्या. प्रोग्रॅम लिहिणारे एका मजल्यावर, तो चालवणारे दुसऱ्या मजल्यावर आणि मधल्या जिन्यात भांडण. लिहिणाऱ्यांना नवे काही द्यायची घाई, चालवणाऱ्यांना झोप प्यारी.

जून २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे एका परिषदेत फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाचे दोन अभियंते, जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड, व्यासपीठावर आले आणि त्यांनी सांगितले की आम्ही दिवसाला दहाहून अधिक वेळा नवा प्रोग्रॅम चढवतो. वर्षाला नव्हे, दिवसाला. तेही भर कामाच्या वेळेत, लिहिणारे आणि चालवणारे शेजारी बसून. पॅट्रिक डेब्वा नावाच्या बेल्जियन गृहस्थाने हे भाषण दुरून पाहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेंट शहरात अशा लोकांचा एक मेळावा भरवला. ‘डेव्हऑप्स’ हा आज नोकरीच्या जाहिरातींत दिसणारा शब्द तिथून रूढ झाला.

दिवसाला दहा वेळा हात लावायचा आणि तरी बिघाड कमी, हे कसे? ही गोष्ट मला पुस्तकांतून समजायच्या आधी ताळ्यावरून समजली. रोज संध्याकाळी ताळा केला आणि नव्वद रुपयांचा फरक आला, तर जुना हिशेबनीस आधी नऊने भागून बघतो. भाग गेला म्हणजे कुठेतरी आकड्यांची उलटापालट, १२० चे २१० झाले असणार. दिवसाची शे-दीडशे व्हाउचरे चाळली की चोर सापडतो. हाच ताळा सहा महिन्यांनी करा. मग तीन फरक एकमेकांत मिसळलेले, दोन एकमेकांना झाकणारे, आणि सप्टेंबरअखेरच्या रात्री शाखेत दिवे जळत राहतात. प्रोग्रॅमचे तसेच आहे. बदल एका ओळीचा असेल आणि तो चढवल्यावर काही बिघडले, तर काय बिघडले ते लगेच कळते आणि तेवढीच ओळ मागे घेता येते. बदल वर्षभराचा असेल तर काय मागे घेणार?

माझी एक भाची पुण्यात याच कामावर आहे. तिने मला एका रविवारी कागदावर चित्र काढून सगळे समजावले. प्रोग्रॅम चढवण्याच्या पायऱ्या माणसाने आठवून करायच्या नाहीत. त्या पायऱ्याच एक प्रोग्रॅम म्हणून लिहून ठेवायच्या, म्हणजे आठ संगणक असोत की आठशे, प्रत्येकावर तेच घडते. नवा बदल चाचण्यांच्या चाळणीतून गेल्याशिवाय पुढे सरकतच नाही. मग तो आधी शंभरातल्या एका ग्राहकाला द्यायचा. याला ते ‘कॅनरी’ म्हणतात. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत विषारी वायू आधी कळावा म्हणून पिवळा कॅनरी पक्षी पिंजऱ्यातून नेत. १९८६ मध्ये त्याच्या जागी विजेवरची यंत्रे आणायचे ठरले, पण शब्द इकडे आला. मी म्हटले, ‘म्हणजे त्या शंभरातल्या एकाचा बळी!’ तर भाची म्हणाली, ‘मामा, तुझ्या त्या सोमवारी शंभरातले शंभर होते ना रांगेत?’ यावर मी चहा मागितला.

पक्षी गुदमरला तर पुढे जायचे नाही. हे थांबणे आपोआप व्हावे, यासाठीही बरीच खटपट असते. तिचे मूळ संगणकात नाही, मागात आहे. जपानच्या साकिची टोयोडाने १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग तयार केला की सूत तुटले की माग आपणहून थांबे. सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. इचलकरंजीत किंवा सोलापुरात मागाच्या खडखडाटात वाढलेल्या वाचकाला तुटलेल्या धाग्यावर चालत राहिलेला माग काय नासाडी करतो हे सांगायला नको. पुढे याच घराण्याने मोटारी काढल्या आणि कारखान्यात एक दोरी लावली. दोष दिसला की कोणीही कामगार ती ओढू शकतो, ओढूनही दोष निघाला नाही तर साखळी थांबते. नाइट कॅपिटलच्या त्या ९७ ई-मेलांना अशी दोरी नव्हती.

लहान बदल म्हणजे बिनधोक बदल, असे मात्र कोणी समजू नये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटीशी फाईल जगभर धाडली. तिच्यातल्या एका नमुन्याला २१ रकाने होते आणि माहिती २० चीच पुरवली गेली होती. (रकान्यांचे आणि माझे जुने वैर आहे.) फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले होते आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले जात होते. फाईल लहान होती, पण ती एकदम सगळ्यांना दिली. त्यानंतर कंपनीने अशा फायलीही टप्प्याटप्प्यानेच पाठवायचे जाहीर केले.

मुले हे सारे शिकतात कुठून, हा माझा पुढचा प्रश्न होता. कॉलेजात यातले फारसे शिकवत नाहीत, असे भाची म्हणते. पुस्तके मात्र उत्तम आहेत. जेझ हंबल आणि डेव्हिड फार्ली यांचे २०१० चे पुस्तक या धंद्याची बाराखडी मानले जाते. वर ज्याचा उल्लेख केला ते गूगलचे पुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. त्यातली एक कल्पना मला फार आवडली. सेवा शंभर टक्के चालू ठेवू असे कोणी म्हणूच नये, असे ते सांगते. ९९.९ टक्के ठरवा. म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद पडायची मुभा. ती शिल्लक असेल तोवर नवे बदल करा, संपली की बदल थांबवून डागडुजी करा. चुकांचे अंदाजपत्रकच म्हणा! आमच्या बँकेत अशी चूक मंजूर करून घेण्याची सोय असती, तर कित्येकांचा रक्तदाब ताब्यात राहिला असता. २०१८ मध्ये निकोल फोर्सग्रेन या संशोधक बाईंनी हंबल आणि जीन किम यांच्यासह अनेक वर्षांच्या पाहण्यांवरून लिहिलेल्या पुस्तकाचे म्हणणे असे की, वारंवार आणि लवकर बदल चढवणारे संघच कमी बिघाड करतात आणि झालेला लवकर सावरतात.

पण मला हर्ष झाला तो एका कादंबरीने. जीन किम, केव्हिन बेहर आणि जॉर्ज स्पॅफर्ड या तिघांनी २०१३ मध्ये ‘द फिनिक्स प्रोजेक्ट’ नावाची कादंबरी काढली, आणि संगणकक्षेत्रातले लोक ती पाठ्यपुस्तकासारखी वाचतात. मोटारींचे सुटे भाग विकणारी एक कंपनी, तिचा रखडलेला महाप्रकल्प, आणि नको असताना गळ्यात पडलेली बढती सांभाळणारा बिल हा नायक. मूळ प्रेरणा गोल्डरॅट यांच्या १९८४ च्या ‘द गोल’ची, तीही कारखान्यावरची कादंबरीच. कादंबरीकार म्हणून विचाराल तर पात्रे पातळ आहेत आणि एक गुरू महाराज वेळोवेळी प्रकट होऊन ज्ञान देतात, ते मला सोसले नाही. पण त्यात ब्रेंट नावाचा एक अभियंता आहे, तो अस्सल उतरला आहे. सगळे काही त्यालाच ठाऊक. काहीही अडले की ‘ब्रेंटला बोलवा’. तो रजेवर गेला की सारे ठप्प. वाईट माणूस नाही, उलट फारच भला. त्याच्या भलेपणामुळेच त्याच्या डोक्यातले ज्ञान कागदावर उतरत नाही. प्रत्येक शाखेत असा एक ब्रेंट मी पाहिला आहे. ताळा त्याच्याशिवाय जुळत नसे आणि मुलीच्या लग्नासाठी त्याला रजा मिळत नसे.

या पुस्तकांहूनही हे लोक जास्त शिकतात ते अपघातांच्या अहवालांवरून. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका दमलेल्या अभियंत्याने राखीव संगणकावरची माहिती पुसायची म्हणून मुख्य संगणकावरचीच पुसली. एक-दोन सेकंदांत ध्यानात आले, पण ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. प्रती काढायच्या नेहमीच्या वाटा एकेक करून बंद निघाल्या. एक प्रत तर कित्येक दिवस निघतच नव्हती आणि ती निघत नसल्याचे कळवणारे ई-मेल वाटेतच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावले. सहा तासांचे काम मात्र गेले ते गेलेच. कंपनीने काय केले? दुरुस्तीचे काम यूट्यूबवर जगासमोर चालू ठेवले आणि पुढे सगळा तपशील छापला. त्यात त्या अभियंत्याचे नाव नाही. ‘संघ-सदस्य १’ एवढाच उल्लेख आहे. एक माणूस एका सेकंदात सारे पुसू शकतो अशी यंत्रणा आपण का ठेवली, असा त्यांचा प्रश्न होता.

फ्लिकरचे ते जॉन ऑलस्पॉ पुढे एट्सी या कंपनीत गेले आणि २०१२ मध्ये त्यांनी याच विषयावर लिहिले. त्यांचे म्हणणे, ज्याला शिक्षेची भीती आहे तो माणूस तपशील लपवतो, आणि तपशील लपला की तोच अपघात पुन्हा घडतो. मला हे प्रथम पटेना. बँकेत काही ‘चुका’ चुका नसतात, सरळ चोरी असते. तिथे नाव, सही, तारीख सगळे लागते. पण त्या लिपिकाचे पत्र आठवले की वाटते, आमच्याकडे चोरी शोधायची पद्धत आणि चूक शोधायची पद्धत एकच होती. शिवाय दोष नको म्हणजे जबाबदारी नको, असेही नाही. टीएसबीच्या प्रकरणात २०२३ मध्ये बँकेच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाला स्वतःच्या खिशातून ८१,६२० पौंड दंड भरायला लावला. रात्री कळ दाबणाऱ्या पोराला कोणी हात लावला नाही.

आपल्याकडचे काय? २४ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्र बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घ्यायला आणि नवी क्रेडिट कार्डे द्यायला मनाई केली. त्या आदेशात ज्या त्रुटी मोजल्या होत्या, त्यांत प्रोग्रॅममधील दुरुस्त्या आणि बदल कसे हाताळले जातात ही बाब स्पष्ट नोंदली होती. मनाई १२ फेब्रुवारी २०२५ ला उठली. म्हणजे नियामकाचे लक्ष आहे. पण मधल्या काळात काय बिघडले होते, कसे सुधारले, याची हकीकत दुसऱ्या बँकेतल्या एखाद्या पंचविशीतल्या मुलीला वाचायला मिळाली का? एप्रिल २०२५ मध्ये यूपीआय अडखळले तेव्हा, काही बँकांनी ‘व्यवहार झाला का’ हीच विचारणा पुन्हा पुन्हा केल्याने भार वाढला, एवढे तरी कारण बाहेर आले. एरवी आपल्या वाट्याला येते ते ‘तांत्रिक अडचणीमुळे’ हे दीड शब्दाचे निवेदन. ज्या देशात ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २००० कोटींवर व्यवहार झाले, भाजीवालीचा गल्ला ज्याच्यावर चालतो, त्या देशातली मुले न्यूयॉर्कच्या आणि लंडनच्या अपघातांवर शिकतात. आपले अपघात फायलींत आहेत. त्या फायली उघडून, नावे खोडून, मराठी-हिंदी-इंग्रजीत छापल्या तर त्याहून चांगले पाठ्यपुस्तक दुसरे होणार नाही, असे मला बँकेचा माजी अधिकारी म्हणून अगदी मनापासून वाटते.

भाचीच्या संघाने आपल्यापुरती सुरुवात केली आहे. पंधरवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर, ते सगळे मिळून एक अपघात-अहवाल वाचतात. नाइट कॅपिटलचा आदेश त्यांनी दोन बैठकांत पुरा केला. प्रोग्रॅम चढवण्याआधीची त्यांची एक यादी आहे. ती तिने मला दाखवली. तिच्यात शेवटची ओळ अशी: ‘थांबवण्याचा अधिकार – ज्याला शंका येईल त्याला.’ मी विचारले, ‘हे भिंतीवरच आहे, की कोणी वापरलेही?’

‘गेल्याच महिन्यात. नवीन लागलेल्या मुलीने थांबवलं, दुपारी तीन वाजता. तिला एक आकडा विचित्र वाटला.’

‘मग?’

‘आकडा बरोबर निघाला.’

‘आणि साहेब काय म्हणाले?’

‘साहेब कशाला काय म्हणतील? चहा घेतला, आणि चार वाजता परत सुरू केलं.’